शिवणीतली माया

रात्री अडीचच्या सुमाराला आतल्या खोलीत काहीतरी धप्पकन पडलं. चोर असेल म्हणून नवरा छत्री घेऊन गेला आणि दोन मिनिटांत परत आला. “तुझे गाऊन पडलेत,” एवढं बोलून तो झोपला. मी जाऊन पाहिलं. कपाटातला रॉड एका टोकाला निखळला होता आणि तेराच्या तेरा ड्रेस एकमेकांच्या अंगावर लोळत होते. मण्यांचा रुपेरी सगळ्यात खाली. त्याचं वजन हातात घेतल्यावर वाटलं, रॉडनं इतकी वर्षं कळ काढली हेच खूप.

हे तेरा ड्रेस माझ्याकडे आले कुठून, तर वीस वर्षं मी निवेदन केलं. पुरस्कार सोहळे, संगीताच्या मैफली, कंपन्यांचे वर्धापनदिन. आयोजकांची एक अट ठरलेली असायची: मागच्या वेळचा ड्रेस नको. त्यामुळे बहुतेकांची घडी मोडली त्याच दिवशी त्यांची कामगिरीही संपली. काही दोनदा घातले, एखादा तीनदा. निवेदन सोडून आता सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत कपाट उघडून मी बाहेर काढला तो फक्त डांबरगोळ्यांचा वास.

सकाळी लेकीला फोन केला. तिला आवराआवरीचं फार. म्हणाली, “आई, सोप्पं आहे. वर्षभरात जे घातलं नाही ते बाहेर.” मी म्हटलं, “अगं, मग तुझ्या बाबांचा सूटही बाहेर आणि घरातला अग्निशामकही.” समारंभाचा कपडा वर्षात एकदाही न लागणं हा काही त्याचा गुन्हा नाही, तो त्यासाठीच असतो. रोजच्या कुर्त्याची फूटपट्टी त्याला लावून कसं चालेल? मग तिनं तीन ढिगांची युक्ती सांगितली: ठेवायचे, द्यायचे, बघू. संध्याकाळपर्यंत तेराही ड्रेस ‘बघू’मध्ये जाऊन बसले.

शनिवारी ती स्वतःच आली. तेव्हा मात्र तिनं एक शहाणपणाची गोष्ट सुचवली. आधी ठरवायचं नाही, नुसतं बघायचं. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, आणि ड्रेस उलटा करून. मी आयुष्यात कधी माझे गाऊन उलटे करून इतके निरखले नव्हते. समोरची बाजू प्रेक्षकांसाठी असते. आतल्या बाजूला सगळा हिशेब लिहिलेला असतो.

पहिलाच निघाला वरचा भाग चामड्यासारखा दिसणारा काळा. खरं चामडं नव्हे, कापडावर पॉलीयुरेथेनचा थर. हात लावला तर बोटांना काळे पापुद्रे चिकटले. हवेतल्या दमटपणानं हा थर हळूहळू विघटित होतो, घाला नाहीतर ठेवा. म्हणजे मी जो ड्रेस ‘जपून’ ठेवला होता तो कपाटात एकटाच सोलवटत बसला होता. गुलाबी बिनपट्ट्याच्या ड्रेसला छातीपाशी आतून घसरू नये म्हणून रबरी पट्टी होती. ताणून पाहिली तर ती तुटली नाही, भुरभुरली. रुपेरी ड्रेसच्या खांद्यांची शिवण मण्यांच्या भारानं ओघळून दोन बोटं लांबली होती. असले जड ड्रेस टांगायचेच नसतात, आडवे ठेवायचे असतात. हे मला तेव्हा कळलं जेव्हा त्यांनी रॉडच खाली आणला.

पण खरा धक्का दिला तो हस्तिदंती सॅटिननं. हा माझा लाडका. शेवटचा घातला तेव्हा ड्रायक्लीन करून आणला होता आणि दुकानातून आलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच टांगला होता, अगदी पुण्यकर्म केल्यासारखा. पिशवी काढली तर पुढच्या घेरावर तपकिरी ठिपक्यांची नक्षी. मी म्हटलं, दुकानदारानं फसवलं. तसं नव्हतं. त्या रात्री कुणाच्या तरी ग्लासातलं गोड, बिनरंगाचं पेय माझ्यावर उडालं होतं, सुकल्यावर काहीच दिसलं नाही म्हणून मी विसरून गेले. ड्रायक्लीनमध्ये पाण्याऐवजी रासायनिक द्रावक असतं. ते तेलकट डाग काढतं, साखर काढत नाही, कारण साखर पाण्यात विरघळते. राहिलेली साखर वर्षानुवर्षं हवा खात पिवळी होते, मग तपकिरी. कपडा देताना “इथे सरबत सांडलंय” एवढं सांगायला हवं होतं. आणि ती प्लॅस्टिकची पिशवी घरी आणण्यापुरती असते, आत दमटपणा कोंडून ठेवायला नाही.

राखाडी ड्रेस काखेत विरला होता. नखानं जरा ओढलं तर कापड उभं फाटलं. लेक म्हणाली, “सिल्क असणार. सिल्कला घाम सोसत नाही.” खात्री करायला आम्ही शिवणीच्या आतला एक दोरा काढून चिमट्यात धरून पेटवला, खाली पाण्याची वाटी ठेवून. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली. सिल्क खरं. मग हुरूप येऊन लाल ड्रेसचाही दोरा पेटवला, जो मी ‘शुद्ध सिल्क’ म्हणून घेतला होता आणि वीस वर्षं तसाच मिरवला होता. तो वितळला आणि टोकाला काळी टणक गोळी झाली. पॉलिएस्टर! व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन इंग्रज रसायनज्ञांनी १९४१ साली पेटंट घेतलेलं हे कापड. गंमत अशी की तेरा ड्रेसांत तोच सगळ्यात तरुण दिसत होता. ना सुरकुती, ना डाग, ना विटणं. खरं सिल्क काखेत विरलं आणि खोटं सिल्क नवरीसारखं उभं.

दुपार होईपर्यंत माझी एक समजूत पार मोडली होती. मला वाटायचं, मी निर्णय पुढे ढकलतेय, ड्रेस आहेत तिथेच आहेत. पण माझ्याऐवजी कपाट निर्णय घेत होतं. सहा वर्षांपूर्वी यातले दहा तरी कुणाच्या अंगावर सहज गेले असते. आता मोजले तर सात.

कसर मात्र लागलेली नव्हती, एवढं डांबरगोळ्यांचं श्रेय. कसरीच्या अळ्या लोकर, पिसं, सिल्क असं प्राणिज खातात, नुसत्या पॉलिएस्टरला तोंड लावत नाहीत. म्हणजे गोळ्यांच्या वासात मी जे तेरा ड्रेस भिजत ठेवले, त्यांतल्या बऱ्याच ड्रेसांना त्यांची गरजच नव्हती. तो वास जायला बाल्कनीत सावलीला आठवडा लागला.

मग अंगात घालून बघण्याचा कार्यक्रम. त्याबद्दल थोडक्यात सांगते. आठ ड्रेसांची चेन अर्ध्यावर थांबली. दोन ड्रेस डोक्यातूनच खाली उतरेनात आणि लेकीला मला बाहेर ओढावं लागलं. आम्ही दोघी इतक्या हसलो की नवरा पुन्हा छत्री घेऊन आला.

जे थोडे बसण्यासारखे होते ते घेऊन टेलरकाकांकडे गेले. काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ड्रेस उलटा केला आणि कडेच्या शिवणीत बोट घातलं. “ताई, माया आहे का ते बघतो.” शिवणीच्या आत सोडलेल्या जास्तीच्या कापडाला आपल्याकडे माया म्हणतात. इतकी वर्षं हा शब्द मी ऐकत आले, पण त्या दिवशी काका एकेका ड्रेसमध्ये बोट घालून “याच्यात माया आहे”, “याच्यात मायाच नाही” असं म्हणायला लागले तेव्हा मला बसायला स्टूल मागावं लागलं. तयार घेतलेल्या महागड्या ड्रेसांत माया जवळजवळ नव्हती, आत ओव्हरलॉक मारून कापड कापून टाकलेलं. शिवून घेतलेल्या हिरव्या क्रेपमध्ये दोन्ही बाजूंना चांगली बोटभर. तो उसवून मोठा झाला. खाली पायघोळ होता तो पोटरीपर्यंत आणला आणि आता मी तो साध्या चपलांवर घालते. निळ्या सॅटिनचं आणखी एक जाकीट नेलं होतं, त्यातही माया होती, पण काका म्हणाले, “उसवतो, पण जुन्या टाक्यांची भोकं दिसतील. सॅटिन सुईची खूण विसरत नाही.” ते तसंच परत आणलं.

मधे एक मूर्खपणा माझ्याकडूनही झाला. पीच रंगाचा ड्रेस अगदी चांगला होता, फक्त कमरेपाशी नेलपॉलिशचा तांदळाएवढा ठिपका. विकायचाच तर डाग काढून विकू म्हणून कापसाच्या बोळ्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेतला आणि टिपलं. ठिपका गेला. त्याच्यासोबत कापडही गेलं. कडा चिकट झाल्या, मधे भोक, आणि माझ्या बोटांना पाकासारखं काहीतरी लागलं. आतल्या पट्टीवर स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं: ॲसिटेट. हे कापड ॲसिटोनमध्ये विरघळतं, आणि माझ्या रिमूव्हरमध्ये तेच होतं. पट्टी वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा दुसऱ्या खोलीत होता.

विकण्याचा अनुभव वेगळाच. लाल पॉलिएस्टर आणि आकाशी लेसचा, असे दोन मी ऑनलाइन टाकले. पहिल्यांदा टाकले तेव्हा हँगरवर लटकवून, रात्री, ट्यूबलाइटखाली फोटो काढले होते. कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग लेकीनं तेच ड्रेस स्वतः घालून खिडकीशी उभं राहून फोटो काढले, आणि “मीडियम” लिहिण्याऐवजी छाती, कंबर, नितंब आणि खांद्यापासून खालपर्यंतची लांबी टेपनं मोजून दिली. ड्रेस सपाट पसरून मोजायचा आणि रुंदी दुप्पट करायची, अंगावरून मोजायचा नाही. ‘मीडियम’ हा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो आणि दहा वर्षांत त्याच कंपनीचाही बदलतो. मी खाली प्रामाणिकपणे लिहिलं: लाल ड्रेस सिल्कचा नाही. एका बाईंनी विचारलं, “मग पाण्यात धुता येईल ना?” हो म्हटल्यावर लगेच घेतला. ज्या गोष्टीची मला लाज वाटत होती ती तिच्या दृष्टीनं सोय होती. पैसे किती आले ते सांगण्यासारखं नाही. एकाला ड्रेस घातलेल्या माझेच फोटो हवे होते. त्याला मी निवेदिकेच्या आवाजात उत्तर दिलं.

उरलेले दान करू, असं मी मोठ्या मनानं ठरवलं. मुलींना समारंभासाठी ड्रेस देणारी एक संस्था आहे, तिथे फोन केला. पलीकडची बाई फारच स्पष्ट होती. धुतलेला हवा, चेन आणि हुक चालू हवेत, डाग नको, आणि “मॅडम, तुम्ही स्वतः आजच्या समारंभात घालून जाल असाच द्या.” फोन ठेवल्यावर मला राग आला. फुकट देतेय आणि वर अटी! दोन दिवस मी तिच्याबद्दल घरभर बोलत होते. मग हस्तिदंती ड्रेसचे ठिपके पुन्हा पाहिले आणि मनात त्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला तो घातला. ती आरशासमोर उभी राहून पहिल्यांदा काय बघेल? ठिपकेच.

त्यानंतर जुन्या कपड्यांचा प्रवास मी थोडा वाचून काढला. घानातल्या आक्रा शहरात कांतामांतो नावाचा जुन्या कपड्यांचा अवाढव्य बाजार आहे. श्रीमंत देशांतले दान केलेले कपडे तिथे गाठोड्यांनी पोचतात. व्यापारी गाठोडं न उघडता विकत घेतात, आत काय निघेल हे नशीब. तिथे या कपड्यांना जे नाव आहे त्याचा अर्थ होतो ‘मेलेल्या गोऱ्यांचे कपडे’, कारण जिवंत माणूस इतके कपडे टाकून देईल हे कुणाला खरंच वाटेना. जे विकण्यालायक नसतं ते तिथल्याच कचऱ्यात आणि किनाऱ्यावर जातं. २०२५च्या जानेवारीत तो बाजार आगीत बराचसा जळाला. आणि ‘रीसायकल होईल’ म्हणावं तर एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७च्या अहवालाप्रमाणे कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी १ टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्यात येतो. माझ्या काळ्या ड्रेसमध्ये तर पॉलिएस्टर, पॉलीयुरेथेन, नायलॉनची जाळी, धातूची चेन आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या एकत्र शिवलेल्या. तो कोण वेगळा करत बसणार? मी चेन आणि हुक काढून घेतले आणि बाकीचा सरळ कचऱ्यात टाकला. दानाच्या पेटीत टाकला असता तर मला बरं वाटलं असतं, एवढंच.

संस्थेनं उरलेल्यांतला एकच घेतला असता, पण त्याआधीच एका नाट्यसंस्थेतल्या वेशभूषा सांभाळणाऱ्या मुलीला कळलं. ती आली आणि जे इतरांना नको होतं तेच तिनं उचललं. काळी मखमल, सोनेरी टिकल्यांचा आणि रबर भुरभुरलेला गुलाबी. मखमलीवर हँगरच्या दांड्याची आडवी खूण पडली होती, तिकडे बोट दाखवलं तर म्हणाली, “वाफ देऊ उलट्या बाजूनं. इस्त्री नाही टेकवायची, लव बसते. आणि तिसऱ्या रांगेतून कुणाला काय दिसतंय!” चेनी काढून ती वेल्क्रो लावणार होती, कारण विंगेत कपडे बदलायला वीस सेकंद मिळतात. तिच्या हातात ते ड्रेस जाताना मला अजिबात वाईट वाटलं नाही. पुन्हा दिव्याखालीच चालले होते.

रुपेरीचे मणी लेकीच्या मैत्रिणीनं भरतकामासाठी उसवून नेले. पूर्ण दोन दिवस ती आणि एक बारीक कात्री. राखाडी सिल्कचा खालचा घेर धडधाकट होता, त्यातून रुमाल आणि दोन बटवे निघाले. पीचच्या बाबतीत अजून कुणी माझ्यासमोर बोलत नाही.

या सगळ्यात लेकीनं मला एक गोष्ट ऐकवली. १९९७च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला राजकन्या डायानाच्या ७९ ड्रेसांचा लिलाव झाला. पैसे कर्करोग आणि एड्सच्या कामासाठी गेले. सर्वांत जास्त किंमत आली ती गडद निळ्या मखमलीच्या ड्रेसला, जो घालून ती व्हाइट हाउसमध्ये जॉन ट्रॅव्होल्टाबरोबर नाचली होती. “आणि आयडिया कुणाची होती माहितेय? विल्यमची. तिलाही पोरानंच सांगावं लागलं.” मी म्हटलं, “तिला निदान कपाटात रॉड पडायची वाट बघावी लागली नाही.”

ठेवला तो निळा टॅफेटा. खरं तर तो मी सगळ्यात कमी घातला. टॅफेटा चालताना सळसळतो आणि कॉलर माइक ती सळसळ टिपतो. ध्वनिवाला मुलगा कानातून ओरडायचा, “ताई, हलू नका!” एकदा ऐन कार्यक्रमात वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत मी वीसेक मिनिटं माइकशिवाय अंधारात बोलत राहिले, रंगमंचावर इकडून तिकडे चालत, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला स्वतःच्या ड्रेसचा आवाज मोकळेपणी ऐकू आला. लेक म्हणाली फोटो काढून ठेव. फोटो आहेतच, पण फोटोत तो सळसळत नाही. तो आता धुतलेल्या कोऱ्या सुती कापडात, घड्यांच्या मधे ॲसिडमुक्त कागदाचे बोळे घालून, खोक्यात आडवा ठेवलाय. दर वर्षी घडी बदलायची. अंगात घालणार नाही. २०२२ साली मर्लिन मन्रोचा १९६२चा ड्रेस न्यूयॉर्कच्या मेट गाला या फॅशन सोहळ्यात कुणीतरी घातला तेव्हा संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं सांगितलं होतं की ऐतिहासिक कपडे कुणीच अंगावर घालू नयेत. माझा काही ऐतिहासिक नाही, पण चेनही लागत नाही, त्यामुळे नियम पाळणं सोपं आहे.

हस्तिदंती अजून दारामागे टांगलेला आहे. त्याचं काय करायचं ते मला कळलेलं नाही.

शेवटचा होता वाइन रंगाचा, लांब बाह्यांचा, निर्दोष. संस्थेला द्यायला धुऊन, इस्त्री करून ठेवला होता. पण वरच्या मजल्यावरच्या मुलीचा निरोप समारंभ आला आणि तिची आई सहज विचारायला आली. मुलगी आतल्या खोलीत घालून बाहेर आली. लांबी दोन बोटं जास्त, बाकी जसा तिच्यासाठीच शिवलेला. पाठीमागे हात नेऊन ती चाचपडायला लागली.

“काकू, इथे आत काहीतरी आहे.”

तिथे काय आहे ते मला माहीत होतं. माइकचा ट्रान्समीटर, काड्यापेटीपेक्षा जरा मोठा डबा, कमरेला अडकवायला पट्टा लागतो आणि गाऊनला पट्टा नसतो. चेनीच्या कडेला क्लिप लावली की वजनानं मागचा गळा ओघळतो. म्हणून मी प्रत्येक ड्रेसच्या अस्तराला, कमरेच्या मागे जराशी डावीकडे, चार बोटं रुंदीचा खिसा शिवून घ्यायची, आणि वायर वर जायला त्याच्यावर एक काज.

“खिसा आहे,” मी म्हटलं.

“गाऊनला खिसा?” तिनं आईकडे असं पाहिलं जसा काही खजिना सापडला. लगेच मोबाइल घालून बघितला, तो मावला नाही. मग लिपस्टिक घातली, किल्ली घातली, आणि खोलीभर एक चक्कर मारून आली.

“पण हे भोक कशाला?”